दिलेलं आणि सही केलेलं

माझ्यासमोर दोन कागद आहेत. एकावर सही नाही, आणि तो खरा आहे. दुसऱ्यावर अंगठा आहे, सरकारचा शिक्का आहे, दस्ताचा नंबर आहे, आणि तो खोटा आहे. दोन्ही कागद माझ्या आजाच्या नावाचे. आजा मेला १९८० च्या पावसाळ्यात. माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे ज्याला विचारायचं तो नाही, आणि ज्यानं उत्तर द्यायचं तो तेव्हा नव्हता. तरी उत्तर मलाच द्यायचंय. कारण चुलत्यानं वकीलपत्र माझ्यापुढं ठेवलंय आणि म्हणतोय, "कर सही."

मी कायदा शिकलेला माणूस नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो, रिंग खात्यात. तिसरी पाळी करून आलो की उजाडलेलं असतं, झोप येत नाही, मग वाचतो. एरवी कविता वाचतो. या दोन महिन्यांत कायद्याची पुस्तकं वाचली. कळलं तेवढं इथं मांडतो. चुकलं तर सांगा. पण मला कायद्यापेक्षा दुसरंच काहीतरी विचारायचंय.

आधी पहिला कागद.

१९७९ सालचा स्टॅम्पपेपर. घडीवर झिजून चार तुकडे व्हायला आलेला. गावातल्या लिहिणाराच्या वळणदार अक्षरात खरेदीखत. लिहून देणार, माझा आजा. लिहून घेणार, मातंग समाजातली एक विधवा बाई, तेव्हा तिशीची. मिळकत, गावठाणातली आमच्या वाड्याच्या कडेची दोन गुंठे मोकळी जागा. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, चतुःसीमा सगळ्या लिहिलेल्या. किंमत सहाशे रुपये, रोख भरून पावली. सदरहू मिळकतीचा उपभोग पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने सुखाने घ्यावा. सदरचे खत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे. खाली डाव्या बाजूला दोन साक्षीदारांची नावं, त्यांच्यापुढं रेघ. उजव्या बाजूला आजाचं नाव, त्याच्यापुढं रेघ. रेघेवर काही नाही.

का नाही? आजाला सही येत होती म्हणून. हे ऐकून चुलता हसतो, पण तसंच आहे. आजा तरुणपणी रात्रीच्या शाळेत जाऊन सही शिकला होता. आमच्या गल्लीत सही येणारा त्याच्या वयाचा तो एकटा. त्या सहीचा त्याला केवढा तोरा! लिहिणारानं खत पुढं सरकवलं तेव्हा तो म्हणाला, "सही करीन ती रजिस्टर सायबाम्होरं. घरात बसून सही कराया मी काय चोर हाय?" तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, नोंदणीची फी, दोन साक्षीदारांचा रोज बुडणार. सुगी झाली की जाऊ असं ठरलं. सुगी झाली, पाऊस आला, आजाला कावीळ झाली. संपलं.

बाईनं ते सहाशे रुपये दोर वळून, केरसुण्या बांधून, लोकांची खुरपणं करून साठवले होते. कागद लिहिला त्या दिवशी तिनं ते आजीच्या पदरात मोजून टाकले. त्या पैशात माझ्या थोरल्या आत्याचं लग्न झालं. आत्या अजून आहे. ती म्हणते, "माझ्या गळ्यातलं डोरलं तिच्या पैशाचं हाय." बाईनं त्या जागेवर आधी कुडाचं घर घातलं, मग पत्रा टाकला. चाळीस वर्षांवर ती तिथं राहते. घरपट्टी तीच भरते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये मालक म्हणून माझा आजा, भोगवटादार म्हणून ती. घरकुलाच्या यादीत तिचं नाव दोनदा आलं. दोन्ही वेळा जागा नावावर नाही म्हणून गेलं.

आता गावाबाहेरचा रस्ता रुंद झाला. तिचं घर रस्त्यावर आलं. त्या दोन गुंठ्यांना आठ लाख देणारा माणूस चुलत्याला भेटला. चुलत्यानं बाईकडून कागद बघायला म्हणून मागून घेतला, उलटासुलटा केला आणि त्याचं लक्ष त्या कोऱ्या रेघेवर गेलं.

कायदा काय म्हणतो ते बघू. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याच्या वरच्या किमतीची जमीन, घर विकायचं तर नोंदलेल्या दस्तानंच विकता येतं. नोंदणीचा कायदा १९०८ चा. त्यात नोंदायलाच पाहिजे असा दस्त नोंदला नाही तर कलम ४९ प्रमाणं त्यानं मालकी हलत नाही. आणि नोंदायचा तर लिहून देणारानं, किंवा त्याच्या मुखत्यारानं, नाहीतर तो मेला असेल तर त्याच्या वारसानं निबंधकासमोर येऊन कबूल करायला लागतं की होय, हा दस्त करून दिलेला आहे. नाही म्हटलं तर निबंधक नोंद नाकारतो. दस्त करून देणं म्हणजे सही. सही नाही तर दस्त झालाच नाही, नुसता लिहिलेला कागद.

गंमत अशी, की घेणाराची सही नसली तरी बिघडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली एका निकालात सांगितलंय की नुसत्या विकणाराच्या सहीचा विक्रीचा करारसुद्धा चालतो. आपल्याकडं तर तोंडी करारही करार असतो. पण मालकी जायची तर देणाराचा हात लागतो. तोच आमच्या कागदावर नाही.

मग त्या बाईला आधार कशाचा? कलम ५३-अ आहे. लेखी कराराप्रमाणं ज्याला ताबा दिला, ज्यानं आपली बाजू पुरी केली, त्याला मालकानं हुसकू नये असं ते सांगतं. पण त्यालाही देणाराची किंवा त्याच्या वतीनं कुणाची तरी सही पाहिजे. आमच्या कागदावर कुणाचीच नाही. तोंडी कराराचा दावा करता येईल. खरेदी पुरी करायची तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे ते दार अजून उघडं आहे. पण शाबीत कसं करणार? दोन साक्षीदार, दोघंही मेलेले. लिहिणारा मेलेला.

राहिला बारा वर्षांचा ताबा. मुदतीच्या कायद्यात, १९६३ च्या, तेही आहे. मालकाच्या हक्काविरुद्ध, उघड, सलग बारा वर्षं कुणी बसलं तर मालकाचा हक्क बुडतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं की असा ताबेदार स्वतः दावा घेऊन कोर्टात जाऊ शकतो. वकिलाच्या खोलीत बसून मी हे ऐकलं आणि अंगावर काटा आला. कारण याचा अर्थ काय होतो बघा. ती म्हणाली, "मी विकत घेतली," तर कोर्ट विचारणार, खत कुठं आहे. ती म्हणाली, "मालकानं बसवलं, त्याच्या मर्जीनं बसले," तर मर्जीचा ताबा शंभर वर्षांचा झाला तरी मालकी होत नाही. तिनं म्हणायला पाहिजे की मी यांच्या विरोधात, यांचा हक्क न मानता, माझी म्हणून इथं बसले. म्हणजे जिनं सहाशे रुपये मोजले तिनं कोर्टात उभं राहून मी बळकावली असं सांगितलं तर तिला वाट आहे. खरं सांगितलं तर ती उघडी पडते.

चुलता म्हणतो, "बघ, कायदा आपल्या बाजूनं हाय." आहेच. आमच्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा कायदा आमच्या बाजूनं उभा राहिलाय. आणि मला लाज वाटतेय.

आता दुसरा कागद.

हा १९७४ चा. चुलत्यानंच रजिस्टर हापिसातून नक्कल काढून आणली. आमची वतनाची जमीन होती, एक एकर पाच गुंठे. वतन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्या गावाची धाव, सांगावे, मेलेली ढोरं, आणि त्या बदल्यात हाडकी हाडोळा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करायचं बिल आणलं ते यासाठीच. ही वतनं गेली शेवटी १९५८ च्या कायद्यानं, १९५९ च्या ऑगस्टपासून. त्या कायद्याच्या नावातसुद्धा 'कनिष्ठ' शब्द आहे. असो. जमीन परत दिली ती नव्या शर्तीवर, म्हणजे कलेक्टरच्या मंजुरीशिवाय विकायची नाही. आमची ती जमीन गावातल्या एका बागायतदाराकडं गेली. नक्कल सांगते की माझ्या आजानं ती राजीखुशीनं विकली. मंजुरीचा उल्लेख कुठं नाही. आणि खाली डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.

अंगठा! १९७४ साली! आमच्या विहाराच्या वर्गणीची १९६८ सालची वही अजून आहे. तीत आजाची सही आहे, वाकडी, पण पुरी, आडनावासकट. जो माणूस आपली सही घरात बसून वाया घालवायला तयार नव्हता, तो रजिस्टर साहेबासमोर जाऊन अंगठा देईल? मग तो अंगठा कुणाचा? आजाच्या नावानं कोण उभा राहिला? "हाच तो इसम, आम्ही ओळखतो," असं म्हणणारे दोघे कोण? त्यांच्या सह्या मात्र झोकात आहेत.

म्हणून मी म्हणतो, दोन कागद माझ्यासमोर आहेत. एक दिलेलं आहे पण सही नाही. एक सही केलेलं आहे पण दिलेलं नाही. सरकार-दरबारी दुसरा कागद उभा राहतो आणि पहिला पडतो. मग सही म्हणजे नक्की काय असतं?

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की जाळून टाका सगळे कागद. आपल्या माणसांना कागदानंच लुटलं. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा आसूड' १८८३ मध्ये पुरा केला, त्यात कागद लिहिणारे आणि वाचून दाखवणारे अडाणी शेतकऱ्याला कसे नागवतात ते सगळं आहे. त्याच्या आठ वर्षं आधी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. पुढं नगर जिल्ह्यापर्यंत ते लोण गेलं. त्यांनी सावकाराकडं काय मागितलं? दागिने नाही, धान्य नाही. कर्जरोखे मागितले आणि जाळले. त्यांना बरोबर कळलं होतं की आपली मान कुठं अडकलीय. सरकारही घाबरलं. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात असं आलं की शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, आणि कोर्टानं नुसता दस्त बघू नये, त्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासावं. म्हणजे कागद खोटा असू शकतो हे सरकारच्या डोक्यात घालायला लोकांना रोखे जाळायला लागले.

पण कागद जाळून उरतं काय? उरतो शब्द. आणि शब्द कुणाचा चालत होता? इथं मी थबकलो. जुन्या काळी सही नव्हती तेव्हा माणसं खूण करायची. पाटील आपल्या नावापुढं नांगर काढायचा, निशाणी नांगर. बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करायचे. मला हे वाचून आधी फार बरं वाटलं. ज्याचं काम तीच त्याची सही! माझी काढायची तर बॉबीन काढीन. पण मग लक्षात आलं, की ही माणसाची खूण नव्हती, जातीची होती. नांगर कुणी काढायचा ते जन्मानं ठरलेलं. आमचा माणूस तर गावाच्या शिवेचा साक्षीदार. दोन गावांचं शिवेवरून भांडण लागलं की महाराला बोलवायचे, तो म्हणेल ती शीव. सगळ्या गावाची हद्द ज्याच्या शब्दावर ठरायची त्याला स्वतःच्या झोपडीची हद्द सांगायचा अधिकार नव्हता. शब्द होता, पण तो गावाच्या कामाचा, त्याच्या स्वतःच्या कामाचा नव्हता.

बावन्न हक्कांची गोष्ट आजी सांगायची. बिदरच्या बादशहानं अमृतनाकाला सनद दिली ती गोष्ट. आजीच्या तोंडात सगळे हक्क होते. पेटीत एकाही हक्काचा कागद नव्हता.

आणि उलटं बघा. महाडचं तळं. १९२७ साली बाबासाहेब तिथं पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांच्या मागं महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता. कागदच होता तो! स्पृश्य कोर्टात गेले, म्हणाले, तळं खाजगी आहे, आमची फार जुनी रूढी आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, की अशी अनादी काळापासूनची रूढी शाबीत होत नाही. रूढीला पुरावा मागितला गेला आणि रूढी हरली. म्हणजे तोंडी कारभार हा त्यांचा होता. 'असंच चालत आलंय' हा त्यांचा दस्त. लिहून ठेवा, सही करा, सगळ्यांना एकच नियम लावा, ही आपली मागणी होती. ज्या माणसानं आपल्या हातात लेखणी दिली त्याची लेकरं आपण. आपण कागद जाळायला निघू नये.

म्हणून खरेदीखताला सही पाहिजे हा नियम मी वाईट म्हणत नाही. उद्या सहीशिवाय जमीन जायला लागली तर काय होईल? बागायतदार दहा साक्षीदार उभे करील आणि म्हणेल, यांच्या बापानं मला तोंडी दिली. आपल्याकडं एक साक्षीदार जमायची मारामार. सही म्हणजे दुबळ्याच्या दाराला कडी आहे. अडाण्याचीसुद्धा सोय कायद्यानं ठेवलीय. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात म्हटलंय की ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण हीच सही. आता तर २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीच्या वेळी फोटो आणि बोटांचे ठसे सगळ्यांचेच घेतात. डॉक्टर असो, वकील असो, अंगठा दे. ज्या अंगठ्यावरून आपल्या बापजाद्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवलं तोच आज सगळ्यांकडून मागतात, कारण सही नकलता येते, अंगठा नाही. १९७४ ला असला फोटो असता तर तो दुसरा कागद झालाच नसता.

मग घोळ कुठं आहे? घोळ असा, की आपण दोन प्रश्न एकात कालवतो. सरकारनं कुणाला मालक मानावं, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर सही बघून द्यावं, कारण सरकारला कुणाच्या मनात शिरता येत नाही आणि शिरूही नये. माझ्या आजानं ती जागा दिली का, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला माहीत आहे. आजीनं सांगितलं, आत्या सांगते, आईला माहीत आहे, खुद्द चुलत्याला माहीत आहे. त्यानं एकदाही म्हटलं नाही की बापानं दिली नव्हती. तो म्हणतो, सही नाही. सही नसणं हा कोर्टासाठी पुरावा नसणं आहे. पण ज्याला घडलेलं ठाऊक आहे त्याला पुरावा कशाला लागतो? पुरावा न जाणणाऱ्याला लागतो. जाणणारा जेव्हा पुरावा मागतो तेव्हा तो खोटं बोलत असतो, फक्त तोंडानं बोलत नाही.

आम्ही विहारात पंचशील म्हणतो. दुसरं शील अदिन्नादानाचं, म्हणजे न दिलेलं घ्यायचं नाही. लहानपणापासून म्हणत आलो, कधी शब्द फोडून बघितला नव्हता. त्यात चोरी असा शब्द नाही. मालकाची सही नसलेलं असंही नाही. न दिलेलं, एवढंच. सगळं वजन देण्यावर आहे. बागायतदारानं न दिलेलं घेतलं, अंगठा असूनही. आणि ही जागा? ती दिलेली आहे. एकदा दिलेलं म्हणजे आता ते तिचं. ते आम्ही परत घेतलं तर तिनं न दिलेलं घेतलं असं होईल. सातबारा, आठ अ काहीही म्हणो.

चुलत्याशी मी हे बोललो. तो काही खलनायक नाही. साखर कारखान्यावर रोजानं काम करून त्यानं आम्हाला वाढवलं. बाप गेल्यावर माझी वह्या-पुस्तकं त्यानं घेतली. त्याचं म्हणणं नीट मांडलं पाहिजे. तो म्हणाला, "त्यांनी कागदावर आपली एक एकर पाच गुंठे गिळली. तवा कुणी आलं का शील सांगाया? आता एक कागद आपल्या बाजूनं आला तर तू तिचा वकील व्हतोस?" मी म्हटलं, "आपली गिळली त्यांनी. तिनं नाही." तो म्हणाला, "गरिबानं साधू व्हायचं, आन् मोठ्यांनी मळे पिकवायचे. हाच तुझा न्याव?"

याला माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. दोन दिवस साच्यांच्या आवाजात मी तेच घोळवत होतो. खरंय, सगळी नीती गरिबानंच का पाळायची? पण मग लक्षात आलं, की चुलता ज्याच्याकडून हिशोब घ्यायचा त्याच्याकडून घेत नाही. बागायतदाराविरुद्ध १९७४ च्या कागदावर अर्ज टाकू म्हटलं तर तो म्हणतो, "कोन लागणार त्यांच्या नादाला!" आणि म्हातारीला नोटीस धाडायला मात्र एका दिवसात वकील गाठला. वर चढायची छाती नाही म्हणून खालच्या पायरीवर पाय द्यायचा. बाबासाहेबांनी या समाजाला पायऱ्यापायऱ्यांची विषमता म्हटलं ते हेच. बोलता बोलता चुलता म्हणून गेला, "मांगीन ती, तिला काय कळतंय कोर्टकचेरी." हेच वाक्य पन्नास वर्षांमागं बागायतदाराच्या ओसरीवर माझ्या आजाबद्दल कुणी म्हटलं असेल, नुसती जात बदलून. ते वाक्य आमच्या घरात कसं आलं? आम्ही त्या ओसरीवर कधी चढलो नाही. पण ओसरी आमच्यात चढली.

मोह मला झाला नाही असं नाही. सांगून टाकतो. आजाची चार लेकरं. माझा बाप गेला, म्हणून त्याच्या चौथ्या हिश्श्यात आई, बहीण आणि मी. आठ लाखांतले दोन लाख आम्हा तिघांचे. माझे सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट रुपये. मी हा हिशोब बॉबीनच्या खोक्यावर खडूनं केला आणि मग पुसला. एवढ्यात खोलीचं डिपॉझिट होतं, बहिणीचं नर्सिंग होतं. पुसलं तरी आकडा पाठ झाला.

पण सहीची किंमत मला दुसरीकडून कळलेली आहे. गिरणीत लागलो त्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं माझ्यापुढं तीन कोरे कागद ठेवले आणि म्हणाला, "खाली सही कर." मी विचारलं, वर काय लिहिणार? तो म्हणाला, "लागंल तवा लिहू." केली सही. काम पाहिजे होतं. त्या कागदांवर वर राजीनामा लिहायचा की पगार पावल्याची पावती, ते त्यांच्या हातात. आजाच्या कागदावर मजकूर होता, सही नव्हती. माझ्या कागदांवर सही आहे, मजकूर नाही. मला विचारा, या दोन्हींत माणसाचा शब्द कुठं आहे? माझ्या त्या तीन सह्या हुबेहूब माझ्या आहेत आणि त्यांत मी कुठंच नाही. आजाची सही नाही आणि त्या कागदाच्या ओळीओळीत तो आहे. "राजीखुशीने व अक्कलहुशारीने" असं प्रत्येक दस्तात लिहिलेलं असतं. खुशी आणि हुशारी नसली तर खालची सही म्हणजे नुसता शाईचा डाग. या दोन गोष्टी होत्या आणि सही राहून गेली, तर ते काम राहून गेलेलं आहे. कुणीतरी ते पुरं करायचं.

आणि कायदा ते पुरं करू देतो! हे फार मोठं आहे आणि आम्ही कुणीच त्याच्याकडं बघितलं नव्हतं. जागा परत घे अशी सक्ती कायदा माझ्यावर करत नाही. घेता येईल एवढंच सांगतो. वारस म्हणून आम्ही सगळे जाऊन नवं खरेदीखत तिच्या नावानं करून दिलं तर कायद्याला काही अडचण नाही. आजाच्या रेघेवर आता कुणी सही करू शकत नाही. पण आमच्या रेघा आम्हाला नव्यानं मारता येतात. स्टॅम्प आजच्या सरकारी दरानं लागेल, तो सहाशे रुपयांच्या हिशोबात बसणार नाही, तो बोजा आहे. बाईचा नातू टेम्पो चालवतो, तो म्हणाला निम्मा मी काढतो. बाकीचं बघू.

गेल्या रविवारी मी दोन्ही आत्यांकडं जाऊन आलो. चुलता त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेणार होता. धाकटी म्हणाली, भाऊ म्हणंल तसं. थोरली गळ्यातलं डोरलं हातात धरून बसली आणि म्हणाली, "मी तिच्या नावानं अंगठा देते. भावाच्या नावानं न्हाय." आईनं विचारलं, "आपलं दोन लाख जाणार व्हय?" मी म्हटलं, जाणार. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गेलं म्हंजी काय, आलं कवा व्हतं?" बहीण सही करणार आहे. म्हातारीकडं गेलो तेव्हा तिनं मला ओळखलं नाही, नातवानं सांगितल्यावर आजाचं नाव घेऊन म्हणाली, "ते तालुक्याला चला म्हनत व्हते. मीच म्हनलं, पाऊस उघडू द्या." चाळीसवर वर्षं ती समजत होती की चूक तिची.

वकीलपत्रावर मी सही केलेली नाही. चुलता बोलत नाही माझ्याशी. त्याच्या चौथ्या हिश्श्याशिवाय खरेदी पुरी होत नाही. आम्ही आमचा हिस्सा दिला तरी सामाईकातला तेवढाच हिस्सा जाईल, वाद राहील. धाकट्या आत्याचंही अजून नक्की नाही. त्याच्याबरोबर मी १९७४ च्या कागदाचा अर्जही लिहायला घेतलाय, विहाराच्या वहीची झेरॉक्स जोडून. चुलत्याला म्हणणार आहे, इथं सही कर, पहिली तुझी. जिथं छाती लागते तिथं. तो करील की नाही माहीत नाही.

मित्रांनो, आपल्या घरोघरी असले कागद आहेत. आपण जेव्हा पेटी उघडतो तेव्हा आपल्याला लुटल्याचे पुरावे शोधतो. शोधलेच पाहिजेत. पण त्याच पेटीच्या तळाशी एखादा कागद असाही असेल, ज्यावर आपल्या बापाची, आजाची सही राहून गेलीय आणि समोरचं माणूस आपल्याहून गरीब आहे. तोही वर काढा. उजेडात धरा. आणि तुमच्या गावात दुय्यम निबंधकाचं हापिस कुठल्या वारी चालू असतं ते विचारून घ्या.